धनकोंच्या जुन्या बाक्या आणि टॅलीप्राइम

सांगलीतील एका घाऊक हार्डवेअर आणि सॅनिटरी सामानाच्या दुकानाचा जमाखर्च मी गेली तीन वर्षे सांभाळते आहे. दुकान भागीदारीचे आहे, धंदा जुना आहे, आणि माल येतो तो मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून, राजकोटहून, जालंधरहून आणि कुलुपांपुरता अलीगढहून. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या सीएंनी 'सन्ड्री क्रेडिटर्स' म्हणजे धनकोंच्या, ज्यांचे दुकान देणे लागते त्यांच्या, गटाचा उतारा पेन्सिलीने एक मोठे वर्तुळ काढून परत पाठवला आणि वर्ष संपण्याआधी हे निस्तरावे असे बजावले. गटात २१४ खाती होती. त्यांतील ९७ खात्यांवर तीन वर्षांत एकही नोंद झालेली नव्हती आणि तरीही त्या खात्यांची मिळून ११ लाख ८४ हजार रुपयांची जमा बाकी उभी होती. थोरले भागीदार, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तो कागद पाहून एवढेच म्हणाले, "ताई, एवढे देणे खरेच असते, तर माणसे दारात येऊन बसली असती."

त्यानंतरचे तीन महिने मी रोजचे काम आटोपून दुपारचे दोन तास या बाक्यांसाठी दिले. दुकानात जमाखर्चासाठी टॅलीप्राइम हा संगणकीय प्रोग्रॅम आहे. या प्रोग्रॅमबद्दल जे लिहिले जाते ते बहुतेक जीएसटी विवरणपत्रे, ई-वे बिले किंवा मालसाठा यांविषयी असते, आणि तेही बहुधा विक्रेत्यांनीच लिहिलेले असते. जुनी देणी साफ करण्याच्या कामात तो कितपत हाताशी येतो, याविषयी मला मराठीत काही वाचायला मिळाले नाही. म्हणून हे परीक्षण त्या एकाच कामापुरते आहे.

टॅली बेंगळुरूची. कंपनी १९८६ मध्ये स्थापन झाली, २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ ही आवृत्ती आली आणि २०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम. आमच्या दुकानाचा डेटा या सगळ्या आवृत्त्यांमधून प्रवास करत आलेला आहे. नव्या आवृत्तीत जुना डेटा नेणे सोपे असते आणि तो जसाच्या तसा येतो, हा प्रोग्रॅमचा मोठा गुण आहे. पण जसाच्या तसा येतो याचा अर्थ व्हॅटच्या काळात कोणीतरी घाईत मारलेली एंट्रीही तितक्याच इमानाने येते. घर बदलताना माळ्यावरचे बोचके न उघडता नव्या माळ्यावर ठेवावे, तसे आमच्या धनकोंचे झाले होते.

कामाची सुरुवात 'आउटस्टँडिंग्ज' या अहवालापासून होते. ऑल्ट आणि जी ही कळ दाबून अहवालाचे नाव टाइप केले की तो थेट उघडतो, मेनूच्या पायऱ्या उतराव्या लागत नाहीत. दिवसातून चाळीस वेळा हे करणाऱ्या माणसाला या एका सोयीचे मोल कळते. 'पेएबल्स' उघडून एफ ६ दाबले की देण्यांची वयोमानानुसार विभागणी समोर येते, आणि वयाचे टप्पे आपण ठरवू शकतो. मी कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील टप्पे घेतले, म्हणजे एक वर्षापेक्षा कमी, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून अधिक. मार्च २०२१ मधील दुरुस्तीने कंपन्यांना देण्यांची अशी विभागणी ताळेबंदाच्या टिपणीत दाखवणे भाग आहे. भागीदारीच्या दुकानाला ती सक्ती नाही, परंतु सीएंच्या डोळ्यांना ती सवयीची असते आणि त्यामुळे पुढचे बोलणे लवकर होते. वय बिलाच्या तारखेपासून मोजायचे की देय तारखेपासून, हेही निवडता येते. जुन्या बाक्यांसाठी बिलाची तारीखच घ्यावी, कारण उधारीची मुदत कित्येक खात्यांवर कधी भरलेलीच नसते.

येथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासून घ्यावी. 'पेएबल्स' अहवालाची बेरीज आणि 'सन्ड्री क्रेडिटर्स' गटाची अखेरची बाकी हे दोन आकडे एकच असतील असे गृहीत धरू नये. ज्या खात्यावर बिलवार नोंद ठेवण्याचा पर्याय बंद आहे ते खाते बिलांच्या यादीत दिसणार नाही, आणि जी रक्कम कोणत्याही बिलाला न बांधता टाकली आहे ती बिलांच्या बेरजेत मिसळणार नाही. आमच्याकडे हा फरक लाखांमध्ये होता. तो फरक पाहून मी घाबरले, पण नंतर लक्षात आले की कामाची खरी यादी त्या फरकातच दडलेली आहे.

टॅलीमध्ये धनकोच्या खात्यावर 'मेन्टेन बॅलन्सेस बिल बाय बिल' असा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर प्रत्येक एंट्रीच्या वेळी रकमेचा संदर्भ विचारला जातो आणि त्याची उत्तरे चार असतात : नवे बिल, जुन्या बिलापोटी, आगाऊ, किंवा 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याही बिलाला न बांधलेली रक्कम. जुन्या देण्यांचा सगळा गुंता या चार शब्दांत आहे. खरेदीची नोंद करताना बिल क्रमांक बहुतेक सगळे नीट घालतात, कारण बिल हातात असते. पैसे देताना मात्र चेक लिहायचा असतो, माणूस समोर उभा असतो, कोणत्या बिलाचे किती हे पाहायला सवड नसते, आणि बोट आपोआप 'ऑन अकाउंट'वर जाते. खात्याची बाकी तर बरोबर येते, मग बिघडले काय, असे वाटते. बिघडते ते तीन वर्षांनी. माझ्या मते या पर्यायाइतकी सोयीची आणि इतकी घातक जागा सबंध प्रोग्रॅममध्ये दुसरी नाही. तो काढून टाकता येणार नाही, कारण ठोक रक्कम पाठवणे हा आपल्याकडच्या उधारीच्या व्यवहाराचा रिवाजच आहे, परंतु महिन्याच्या शेवटी 'ऑन अकाउंट'च्या रकमा बिलांना बांधण्याचा नेम कोणीतरी पाळायला हवा. आमच्या दुकानात तो कधीच पाळला गेला नव्हता, आणि पहिली दोन वर्षे मीही पाळला नाही, हे कबूल करते.

एक खाते जवळून दाखवते. जालंधरच्या एका नळ बनवणाऱ्या पुरवठादाराचे ऑगस्ट २०१९ चे बिल ४८,६७५ रुपयांचे होते. माल ४१,२५० रुपयांचा आणि त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातील खरेदीवरचा जीएसटी, ७,४२५ रुपये. आउटस्टँडिंगच्या यादीत हे सबंध बिल दोन हजार दिवसांच्या आसपास थकलेले दिसत होते, आणि त्याच्या खाली ४५,४८९ रुपये 'ऑन अकाउंट' नावे, म्हणजे दिलेले म्हणून, पडलेले होते. खात्याची खरी बाकी म्हणजे ३,१८६ रुपये जमा. ओळीवर एंटर दाबत गेले की आधी महिने, मग त्या महिन्यातील व्हाउचर, मग मूळ एंट्री उघडते. टॅलीची ही उकल करत खाली उतरण्याची पद्धत आजही मला तिच्या सर्व गुणांत श्रेष्ठ वाटते. पेमेंटच्या नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या शेऱ्यात, "गळके वजा" असे दोनच शब्द होते. त्या दोन शब्दांनी माझे अर्धे काम केले. माळ्यावरच्या २०१९ च्या बस्त्यात ट्रान्सपोर्टची पावती सापडली : ३६ बिब कॉक परत, दर ७५ रुपये. म्हणजे २,७०० रुपयांचा माल आणि त्यावरचा ४८६ रुपये कर, मिळून बरोबर ३,१८६. माल परत गेला होता, पैसे कापून पाठवले गेले होते, फक्त परत मालाची रक्कम पुरवठादाराच्या नावे टाकणारी डेबिट नोट करायची राहून गेली होती, आणि पुरवठादाराचीही क्रेडिट नोट कधी आली नव्हती.

म्हणजे ही बाकी देणे नव्हतीच. परंतु ती उचलून थेट उत्पन्नाला जमा करणे चुकीचे झाले असते, आणि येथेच या कामात घाई करणारे फसतात. परत गेलेल्या मालावरच्या ४८६ रुपयांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दुकानाने २०१९ मध्ये घेतलेले होते. ज्या मालाची खरेदीच उरली नाही त्यावरचे क्रेडिटही उरत नाही. सीएंच्या सल्ल्याने २,७०० रुपये खरेदी परत खात्याला आणि ४८६ रुपये क्रेडिट उलटवून, अशी नोंद केली. १८ टक्क्यांनी व्याज मोजले तर ते जवळजवळ कराएवढेच झाले. त्यानंतर पेमेंटचे व्हाउचर उघडून 'ऑन अकाउंट'च्या जागी बिलाचा संदर्भ दिला, नव्या नोंदीलाही तोच संदर्भ दिला, आणि बिल यादीतून नाहीसे झाले. एका ३,१८६ रुपयांच्या बाकीसाठी दीड दिवस गेला. अण्णांना हा हिशेब मुळीच पटला नाही.

ज्या बाक्या खरोखरच दिलेल्या नाहीत आणि जीएसटीच्या काळातील आहेत, म्हणजे १ जुलै २०१७ नंतरच्या, त्यांच्या बाबतीत आणखी एक नियम आडवा येतो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला मालाची किंमत आणि कर चुकता केला नाही, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते, आणि पुढे पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. हा केंद्रीय जीएसटी नियमावलीतील ३७ वा नियम. टॅलीत वयाचा एक टप्पा १८० दिवसांचा ठेवला तर अशी बिले क्षणात वेगळी होतात, आणि क्रेडिट उलटवण्यासाठी जर्नल व्हाउचरमध्ये, म्हणजे पैसे न हलता खात्यांत फेरफार करणाऱ्या नोंदीत, स्वतंत्र सोय आहे. मात्र 'ऑन अकाउंट'चा गुंता सोडवण्याआधी हा टप्पा लावून पाहाल तर पैसे दिलेली बिलेही थकलेली दिसतील आणि नको ते क्रेडिट उलटवून बसाल. कामाचा क्रम म्हणूनच फार महत्त्वाचा आहे : आधी रकमा बिलांना बांधायच्या, मग वय पाहायचे.

रकमेच्या दृष्टीने सर्वांत मोठा हिस्सा जोडखात्यांचा निघाला. एकाच पुरवठादाराची दोन खाती, एकात 'एंटरप्रायझेस' आणि दुसऱ्यात 'एंटरप्राइजेस'; बिले एकावर जमा झालेली आणि चेक दुसऱ्यावर नावे पडलेले. 'एक्सेप्शन रिपोर्ट्स'मध्ये उलट्या बाकीच्या खात्यांची एक यादी असते. धनको गटातील नावे बाकीची खाती त्यातून काढली, आणि सगळ्या धनकोंची यादी जीएसटी क्रमांकासह एक्सेलमध्ये घेऊन क्रमांकानुसार लावली, तेव्हा चौदा जोड्या शेजारी-शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नावावर विश्वास ठेवू नये, क्रमांकावर ठेवावा. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, पंजाबचे ०३, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. राजकोटच्या एका बिजागरीवाल्याची दोन खाती नावाने तंतोतंत सारखी होती, पण पॅन वेगळा होता. वडिलांची एकट्याची पेढी बंद होऊन मुलांची भागीदारी त्याच पाटीखाली सुरू झाली होती. कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे धनको आहेत आणि एकाची बाकी दुसऱ्याकडे वळवायला दोघांचेही पत्र हवे. उरलेल्या तेरा जोड्या मी जर्नलने एकत्र केल्या आणि प्रत्येक नोंदीत दोन्ही बाजूंना बिलाचे संदर्भ दिले. रिकामे झालेले खाते टॅली सहजासहजी पुसू देत नाही. ज्या खात्यावर व्हाउचर आहेत ते पुसले जातच नाही, आणि ते योग्यच आहे. मी त्या खात्यांच्या नावापुढे 'बंद' असा शब्द जोडून ती वेगळ्या उपगटात नेऊन ठेवली, म्हणजे नवीन एंट्री करणाऱ्याचे बोट चुकून तिकडे जाणार नाही.

याहून चिवट निघाल्या त्या आरंभीच्या, म्हणजे मागून नुसता आकडा म्हणून पुढे ओढलेल्या, बाक्या. काही वर्षांपूर्वी डेटा जड झाला म्हणून दुकानाने बाहेरच्या एका तंत्रज्ञाकडून तो वर्षानुसार विभागून घेतला होता. विभागणीपूर्वी डेटा तपासण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे आणि बिलवार नोंद चालू असलेल्या खात्यांची बिले पुढच्या विभागात जातातही; परंतु ३१ खात्यांवर तो पर्याय मुळातच बंद होता, तो कोणी आधी पाहिला नाही, आणि विभागणीनंतर जुना भाग ज्या संगणकावर होता तो भंगारात गेला. हाती उरले ३१ आकडे, मागे एकही व्हाउचर नाही. अशा खात्यावर बिलवार नोंद आज चालू केली की प्रोग्रॅम आरंभीच्या बाकीची फोड विचारतो : बिल क्रमांक, तारीख, रक्कम. जेवढी फोड देता येईल तेवढी द्यायची, उरलेले आपोआप 'ऑन अकाउंट' राहते. बस्त्यातल्या कागदांवरून मी २२ खात्यांची फोड देऊ शकले. खरी तारीख भरल्यावर २०१५ चे बिल २०१५ चेच वय दाखवू लागते. एरवी ती बाकी विभागणीच्या तारखेला जन्मल्यासारखी तरुण दिसत राहिली असती.

बँकेच्या ताळमेळाने मात्र उलटे काम केले; बाक्या कमी करण्याऐवजी चार नव्या आणल्या. पुरवठादाराला चेक लिहिला, खाते शून्य झाले, पण चेक बँकेत कधी भरलाच गेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१२ पासून चेक तीनच महिने चालतो. टॅलीच्या ताळमेळाच्या पडद्यावर असे न वटलेले चेक वर्षानुवर्षे यादीत राहतात आणि ते दिसायला काहीच कष्ट पडत नाहीत, पाहायचे तेवढे ठरवावे लागते. ते उलटवले की देणे पुन्हा उभे राहते, आणि ते देणे खरे असते. जुन्या देण्यांची सफाई म्हणजे आकडा कमी करणे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा पडदा जरूर उघडावा.

आता निर्लेखनाकडे, म्हणजे बाकी वहीतून काढून टाकण्याकडे, येते, कारण बहुतेकांना एवढेच करायचे असते. शंभर रुपयांच्या आतल्या ४१ बाक्या होत्या, पैसे पूर्ण रुपयांत करताना उरलेले फरक, कापलेली हमाली, बँकेचे शुल्क. त्या सगळ्या एकाच जर्नल व्हाउचरने 'किरकोळ बाक्या जमा' या खात्याला घेतल्या. मोठ्या बाक्यांना मात्र हे चालत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ४१(१), जे २०२४-२५ या हिशेबवर्षाला लागू आहे, ते सांगते की ज्या व्यापारी देण्याची वजावट पूर्वी मिळाली ते देणे माफ झाले किंवा संपले, तर तेवढी रक्कम उत्पन्न धरावी. सुगौली शुगर वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले होते की धनकोच्या संमतीवाचून केलेल्या एकतर्फी नोंदीने देणे संपत नाही. परंतु ते प्रकरण जुन्या तरतुदीखालचे होते, आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू असलेल्या स्पष्टीकरणाने अशी एकतर्फी नोंदही उत्पन्नात आणली आहे. म्हणजे तुम्ही जर्नल मारलेत की त्या वर्षी कर आला. उलट, तीन वर्षांची मुदत उलटली म्हणजे देणे मेले, हेही खरे नाही. मुदतीचा कायदा दावा करण्याचा मार्ग बंद करतो, देणे नाहीसे करत नाही. यातले काहीच टॅली सांगणार नाही आणि तिने सांगावे अशी अपेक्षाही नाही. तिच्यासाठी ते दोन ओळींचे व्हाउचर असते.

अलीगढच्या कुलूपवाल्याची बाकी १८,३६० रुपये होती. १८ हजारांचा माल आणि २ टक्के सीएसटी, म्हणजे जीएसटीपूर्वीचा केंद्रीय विक्रीकर, साल २०१६. बस्त्यात बिल होते, पेमेंट कुठेच नव्हते. दरवर्षी येणारा त्यांचा माणूस त्या वर्षापासून आला नव्हता. बिलावरचा नंबर लागला तो मुलाने उचलला. वडील गेले होते आणि त्यांच्या वहीत सांगलीचे नाव होते की नाही हे त्याला ठाऊक नव्हते. मी अण्णांना विचारले, की कायद्याने आता कोणी दावा करू शकणार नाही, जमा करून टाकू का. ते म्हणाले, "माल विकून पैसे केले ना आपण? मग पाठवा." पैसे पाठवले, त्या बिलापोटी म्हणून संदर्भ देऊन. मुलाचा दोन दिवसांनी फोन आला आणि आमचा पत्ता लिहून घेऊन त्याने नव्या कुलुपांची दरपत्रिका पाठवली.

ज्यांच्याशी व्यवहार चालू आहे त्यांना मी खाते उतारा आणि बाकी कळवण्याचे पत्र पाठवले. 'कन्फर्मेशन ऑफ अकाउंट्स' हा नमुना प्रोग्रॅममध्ये तयारच असतो, त्यात भाषा थोडी कोरडी आहे पण काम होते. साठ पत्रांपैकी सव्वीस उत्तरे आली. उत्तर न आलेल्यांना फोन केले. आलेल्या उताऱ्यांतील फरक बहुतेक ठिकाणी मालवाहतुकीचे किंवा टीडीएसचे निघाले, आणि ते जुळवायला एकेक दुपार पुरली.

लहान उत्पादकांच्या देण्यांविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. त्याच १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब(ह) मुळे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत, म्हणजे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिली नाहीत, तर त्यांची वजावट प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच मिळते. नागदेवी स्ट्रीटचे व्यापारी यात येत नाहीत, राजकोटचे आणि जालंधरचे कारखानदार येऊ शकतात. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत खात्यावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, तपशील भरता येतो आणि अशा धनकोंची थकलेली बिले वेगळी काढता येतात. तो तपशील भरायला अर्थात माणूसच लागतो; मी पुरवठादारांकडून उद्यम प्रमाणपत्रे मागवली तेव्हा कित्येकांनी ती त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवली, कारण या कलमात त्यांचाच फायदा आहे.

हे काम हाती घेणाऱ्याने पहिल्या दिवशी संपूर्ण डेटाचा बॅकअप घेऊन तो पेन ड्राइव्हवर दुकानाबाहेर ठेवावा आणि नंतर जुन्या वर्षांत रक्कम बदलणारी एकही एंट्री करू नये. संदर्भ बदलल्याने त्या वर्षाचा ताळेबंद हलत नाही, रक्कम बदलल्याने हलतो, आणि तो ताळेबंद सहीनिशी आयकर खात्याकडे गेलेला असतो. मी माझ्या सगळ्या जर्नल नोंदी चालू तारखेच्या ठेवल्या. मागच्या तारखेच्या नोंदींना किती मुभा द्यायची हे वापरकर्त्याच्या अधिकारांत ठरवता येते. मी दुकानातील दुसऱ्या मुलाच्या लॉगिनला ती मुभा सात दिवसांची ठेवली. बदलांचा माग ठेवणारी एडिट लॉगची आवृत्तीही मिळते. कंपन्यांना असा माग ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, भागीदारीला नाही, तरीही या कामापुरती ती वापरावी असे माझे मत आहे, कारण सहा महिन्यांनी सीएंनी "हे कोणी आणि का बदलले" असे विचारले की आठवणीवर विसंबावे लागत नाही. नॅरेशन मात्र सविस्तर लिहावे. २०१९ मध्ये कोणीतरी "गळके वजा" हे दोन शब्द लिहिले नसते तर ते ३,१८६ रुपये आज उत्पन्नात गेले असते.

प्रत्येक बाकी का उभी आहे, कोणाला फोन केला, काय उत्तर आले, हे शेरे मी एक्सेलमध्येच लिहिले. ऑल्ट आणि ई दाबून अहवाल एक्सेलमध्ये नेणे सोपे आहे, पण एक्सेलमधला शेरा आणि टॅलीतला आकडा यांची फारकत होऊ नये म्हणून आठवड्याने नवा उतारा काढून शेरे पुन्हा जुळवावे लागतात. शोधणे, उकलणे आणि बांधणे या तीन कामांत टॅलीप्राइमला मी मनापासून पसंती देईन. चाळीस-पन्नास धनको असलेल्या दुकानाला त्यासाठी एका संगणकाचा सिल्व्हर परवाना पुरेसा आहे. बिलवार नोंद कधी ठेवलीच नसेल, तर मात्र पहिले काही आठवडे प्रोग्रॅमपेक्षा माळ्यावरचे बस्तेच अधिक उपयोगी पडतील, आणि ते जर रद्दीत गेले असतील तर कोणतीही आवृत्ती घेऊन फारसा फरक पडणार नाही.

३१ मार्च २०२५ रोजी ९७ पैकी ११ खाती शिल्लक राहिली आणि ११ लाख ८४ हजारांची बाकी २ लाख ६ हजारांवर आली. त्या अकरांतली नऊ म्हणजे फोड न मिळालेली आरंभीच्या बाक्यांचीच खाती आहेत, दहावे बिजागरीवाल्याचे, त्यांचे पत्र अजून यायचे आहे. अकराव्यावर २००९ सालची ७५० रुपयांची बाकी आहे, खात्याचे नाव नुसते 'मामा' असे आहे, आणि हे मामा कोणाचे हे दुकानात कोणालाच आठवत नाही.